पाण्याची पारख

ठाणे हे तलावांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. कोपिनेश्वराच्या मंदिराशेजारचा मासुंदा तलाव, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी पसरलेला उपवन तलाव, कचराळी, रायलादेवी, सिद्धेश्वर असे तीसपेक्षा अधिक तलाव या शहरात आहेत. ठाण्याच्या ईशान्येस कल्याण असून तेथे काळा तलाव आहे. कल्याणजवळून उल्हास नदी वाहते आणि वालधुनी नावाची लहान नदी तेथेच तिला मिळते. कल्याण आणि ठाणे यांच्या दरम्यान डोंबिवली वसली आहे, आणि या साऱ्या प्रदेशाला खाडीचा शेजार लाभला आहे. इतके पाणी जेथे आहे, तेथे मत्स्यपालन करणे अगदी सोपे असेल, असे कोणासही वाटेल. तळे असावे, त्यात मत्स्यबीज सोडावे आणि वर्षभराने जाळे टाकावे, एवढेच काम आहे असा पुष्कळांचा समज असतो.

परंतु एखाद्या सकाळी विपरीत दृश्य दिसते. तलावाच्या काठाशी शेकडो मासे पांढरे पोट वर करून तरंगत असतात. शहरांतील तलावांत असे मासे मेल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांतून अधूनमधून वाचावयास मिळतात. आदल्या संध्याकाळी तर पाणी नेहमीसारखेच दिसत होते. मग एका रात्रीत असे काय घडले? ‘कोणी तरी पाण्यात विष कालवले असावे,’ असे लोक म्हणू लागतात. कधी कधी तसे घडतेही. पण पुष्कळ वेळा विष कालवणारा कोणीच नसतो. दोष पाण्यात हळूहळू साचत आलेला असतो आणि तो वेळीच कोणी ओळखलेला नसतो.

ज्याने तळे ठेक्याने घेतलेले असते, त्याच्यावर तर आकाशच कोसळते. मत्स्यबीजाची किंमत, रोजचे खाद्य, राखणदारीचे कष्ट आणि कर्जाने काढलेला पैसा हे सर्व त्या पाण्यावर तरंगत असते. म्हणून माशांची पारख करण्यापूर्वी पाण्याची पारख करावयास शिकणे, हा मत्स्यपालनाचा पहिला धडा होय.

आपल्याकडील तळ्यांत मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ हे मासे पाळतात. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात राहतो आणि मृगळ तळाशी अन्न शोधतो. त्यामुळे तिघेही एकाच तळ्यात सुखाने नांदतात. हे मासे मूळचे नद्यांतील असून पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात; तळ्याच्या स्थिर पाण्यात ते सहसा अंडी घालीत नाहीत. हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी के. एच. अलीकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे माशांना विशिष्ट ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालविण्यात यश मिळविले. तेव्हापासून नदीवर अवलंबून न राहता मत्स्यबीज तयार करता येऊ लागले. आपल्या देशात १० जुलै हा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. बीजाचा प्रश्न अशा रीतीने सुटला. पण ते बीज ज्यात वाढवावयाचे त्या पाण्याचा प्रश्न मात्र प्रत्येक तळ्यावर नव्याने उभा राहतो.

मासा श्वास कसा घेतो?

मासाही आपल्याप्रमाणेच प्राणवायूवर जगतो. आपण तो हवेतून घेतो. मासा तो पाण्यातून घेतो. तोंडाने घेतलेले पाणी तो कल्ल्यांवरून बाहेर सोडतो आणि त्या वेळी पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांतील रक्तात शिरतो. परंतु पाण्यात प्राणवायू फारच थोडा विरघळतो. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, तर ३० अंश सेल्सिअस उष्णतामानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त सुमारे साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळू शकतो. पाणी जितके तापेल तितके हे प्रमाण घटते. म्हणजे वैशाखातील उन्हाळ्यात माशाला श्वासाची चणचण अधिक भासते, आणि नेमके त्याच वेळी तळ्यातील पाणी आटून मासे दाटीवाटीने राहत असतात.

तळ्याच्या पाण्यात प्राणवायूची भर घालणारे दोन दाते आहेत. पहिला वारा. तो लाटा उठवून हवा पाण्यात मिसळतो. दुसरा दाता म्हणजे पाण्यातील सूक्ष्म हिरव्या वनस्पती. सूर्यप्रकाशात त्या अन्न तयार करतात आणि प्राणवायू बाहेर टाकतात. पण सूर्य मावळला की हे काम थांबते. रात्री त्या वनस्पतीही माशांप्रमाणेच प्राणवायू वापरू लागतात. त्यामुळे दुपारनंतर पाण्यात प्राणवायू सर्वांत अधिक असतो आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो.

आता तलावात सांडपाणी, साबणाचे पाणी, निर्माल्य, उरलेसुरले अन्न पडत राहिले, तर काय होईल? या पदार्थांमुळे पाण्याला खत मिळते, शेवाळ बेसुमार माजते आणि पाणी गर्द हिरवे दिसू लागते. दिवसा सर्व ठीक चालते. मग दोन दिवस आभाळ भरून येते, वारा पडतो, ऊन मिळत नाही. तळाशी कुजणाऱ्या घाणीला प्राणवायू लागतो, शेवाळाला लागतो, माशांना लागतो. भर मात्र पडत नाही. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. उजाडेपर्यंत पुष्कळांचा जीव जातो. ज्याला ‘एका रात्रीत झालेला घात’ म्हणतात, त्याची तयारी अशी कित्येक आठवडे चाललेली असते.

डोळ्यांना न दिसणारे मोजावे कसे?

पाण्यातील प्राणवायू डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. तो मोजण्याची युक्ती लायोश विंकलर या हंगेरीतील रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली शोधून काढली. बुडबुडा राहणार नाही अशा बेताने काचेची बाटली पाण्याने काठोकाठ भरतात. तीत प्रथम मँगनीज सल्फेटचे आणि मग पोटॅशियम आयोडाइड मिसळलेल्या अल्कलीचे द्रावण घालतात. पाण्यात प्राणवायू असेल, तर तपकिरी साका तयार होतो. नसेल, तर साका पांढराच राहतो. नंतर आम्ल घातले की तो तपकिरी साका विरघळतो आणि पाण्याला सोनेरी पिवळा रंग येतो. मग सोडियम थायोसल्फेटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. रंग फिका झाला म्हणजे स्टार्चचे काही थेंब टाकतात, तोच पाणी गडद निळे होते. पुन्हा थेंब सोडीत राहिले की एका क्षणी तो निळा रंग नाहीसा होतो. किती द्रावण लागले यावरून पाण्यातील प्राणवायूचे प्रमाण गणिताने काढता येते. आज हे काम करणारी विजेची उपकरणेही मिळतात. तथापि विंकलरची रीत प्रयोगशाळांतून अद्याप वापरली जाते. साधारणपणे दर लिटरला पाच मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्राणवायू असला, तर या माशांची वाढ चांगली होते. तीन मिलिग्रॅमच्या खाली तो गेला, की ते कासावीस होऊ लागतात.

दुसरी कसोटी सामूची. पाणी आम्ल आहे की अल्क, हे सांगणारे हे माप डेन्मार्कमधील सॉरेन्सन या शास्त्रज्ञाने १९०९ साली सुचविले. सामू ७ असेल तर पाणी उदासीन, त्याहून कमी असेल तर आम्ल आणि अधिक असेल तर अल्क समजावे. माशांना साडेसहा ते साडेआठ या दरम्यानचा सामू मानवतो. पाणी आम्ल असेल तर तळ्यात बेताने चुना टाकून ते सुधारता येते.

तिसरी कसोटी पाण्याच्या पारदर्शकतेची. अँजेलो सेकी हे इटलीतील धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी १८६५ साली भूमध्य समुद्रात दोरीला बांधलेली पांढरी तबकडी सोडून ती किती खोलीपर्यंत दिसते हे मोजले. तळ्यावर याच प्रकारची, काळ्या-पांढऱ्या रंगाची तबकडी वापरतात. ती सुमारे ३० ते ४० सेंटिमीटर खोलीवर दिसेनाशी झाली, तर पाण्यात माशांचे सूक्ष्म अन्न पुरेसे आहे असे मानतात. फारच खोलवर दिसत राहिली, तर पाणी निर्मळ असले तरी माशांना उपाशी ठेवणारे आहे. आणि वीस सेंटिमीटरच्या आतच दिसेनाशी झाली, तर शेवाळ तरी माजले आहे किंवा गाळ तरी मिसळला आहे. अशा वेळी ओंजळीत पाणी घेऊन ते हिरवे आहे की मातकट, हे पाहावे लागते.

चौथी कसोटी अमोनियाची. माशांची विष्ठा आणि न खाल्लेले खाद्य कुजल्याने हा पदार्थ पाण्यात येतो. सांडपाण्यातूनही तो येतो. पाणी जितके उष्ण आणि जितके अल्क, तितका त्याचा विषारी अंश वाढतो. म्हणून यांपैकी कोणतीही एक कसोटी एकटी पुरी पडत नाही. सर्वांचा मेळ घालूनच निर्णय करावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उपयोगानुसार पाण्याचे पाच वर्ग पाडले आहेत. त्यांतील चौथा वर्ग वन्य प्राणी आणि मत्स्यसंवर्धन यांसाठी आहे. या वर्गातील पाण्यात दर लिटरला किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, सामू ६.५ ते ८.५ असावा आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा, असा दंडक आहे.

पाणी कोठून घ्यावे?

समजा, डोंबिवलीजवळच्या एखाद्या शेतकऱ्याने मत्स्यपालनासाठी तळे खोदले. ते भरण्यासाठी पाणी कोठून घ्यावे? त्याच्यापुढे अनेक वाटा आहेत आणि प्रत्येकीचे गुणदोष निराळे आहेत.

नळाचे पाणी सर्वांत स्वच्छ असे कोणीही म्हणेल. कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येणारे पाणी बहुतांशी उल्हास नदीतून उचलून शुद्ध केलेले असते. पण रोगजंतू मारण्यासाठी त्यात क्लोरीन मिसळतात. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, असे भारतीय मानक सांगते. जे क्लोरीन माणसाचे रक्षण करते, तेच माशाच्या नाजूक कल्ल्यांना घातक ठरते. घरातील काचेच्या पेटीत मासे सोडण्यापूर्वी नळाचे पाणी एकदोन दिवस उघडे ठेवतात, ते याचसाठी.

कूपनलिकेचे पाणी थंड आणि काचेसारखे नितळ असते. त्यात घाण नसते. परंतु हवेशी संबंध न आल्याने त्यात प्राणवायूही जवळजवळ नसतो. काही ठिकाणी त्यात लोह असते आणि हवा लागताच तांबूस गाळ दिसू लागतो. असे पाणी तळ्यात एकदम न सोडता उंचावरून धारेने पडू द्यावे, म्हणजे हवा त्यात मिसळते.

खाडीच्या पाण्याची गोष्ट वेगळी. भरतीच्या वेळी ते खारट होते आणि ओहोटीच्या वेळी, विशेषतः पावसाळ्यात, त्याचा खारेपणा कमी होतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बोय, निवटी, जिताडा, कोळंबी यांना खाडीचे पाणी मानवते. रोहू आणि कटला यांना ते मानवत नाही. खाडीकाठच्या विहिरींचे पाणीही मचूळ असू शकते; म्हणून तेही तपासल्यावाचून वापरू नये.

राहिली नदी. उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, बदलापूर यांवरून कल्याणला येते. परंतु नदीचे नाव एक असले, तरी पाणी सर्वत्र एक नसते. वाटेत नगरांचे सांडपाणी मिळते, कारखान्यांचे पाणी मिळते, आणि कित्येकदा पात्रावर जलपर्णीचा गालिचा पसरलेला दिसतो. बदलापूरच्या वरच्या बाजूस घेतलेला नमुना कल्याणच्या पाण्याची ग्वाही देऊ शकत नाही.

वालधुनीची कथा अधिक करुण आहे. अंबरनाथचे सुप्रसिद्ध शिवमंदिर हिच्याच काठी उभे आहे. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. ज्यांनी ते मंदिर बांधले, त्यांनी ही जागा निवडताना वाहत्या पाण्याचा विचार केला असेल. पुढे नदीकाठी दाट वस्ती आणि उद्योग वाढले आणि नदीला नाल्याची कळा आली. २०१४ साली उल्हासनगरात या नदीत रासायनिक द्रव्य ओतले गेले. त्यातून विषारी वायू पसरला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. ज्या पाण्याच्या वाऱ्याने माणसे आजारी पडतात, त्यात मासा कोठून जगणार?

मासा जगला, म्हणजे पाणी चांगले काय?

अनुभवी मत्स्यपालक नवे पाणी वापरण्यापूर्वी एक साधी परीक्षा घेतात. बारीक जाळीचा पिंजरा तळ्यात बांधतात. त्यास हापा म्हणतात. त्यात थोडी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिले, एक दिवस ठेवून पाहतात. ती टवटवीत राहिली, तर उरलेले बीज सोडतात. ही परीक्षा फार उपयुक्त आहे. पण ती शेवटची मात्र नव्हे. काही विषे अशी असतात, की ती माशाला लगेच मारीत नाहीत; त्याच्या देहात गुपचूप साठत जातात.

जपानमधील मिनामाता या गावी हे साऱ्या जगाने पाहिले. तेथील एका रासायनिक कारखान्याचे पारा असलेले पाणी वर्षानुवर्षे उपसागरात सोडले जात होते. मासे जगत होते आणि कोळी ते पकडून खात होते. प्रथम गावातील मांजरे वेड्यासारखी नाचू लागली आणि तडफडून मेली. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, दृष्टी व वाचा गेली. १९५६ साली या रोगाची अधिकृत नोंद झाली. मिनामाताचे पाणी पाहून किंवा तेथील मासा चाखून कोणालाही शंका आली नसती.

हे उदाहरण दूरचे वाटले, तरी त्यातील धोका जवळचा आहे. उल्हास नदीच्या खाडीतील गाळात पारा आढळल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. म्हणून ज्या पाण्यात कारखान्यांचे सांडपाणी मिसळत असेल, तेथे पाण्याबरोबर तळाचा गाळ आणि माशांचे मांस यांचीही प्रयोगशाळेत तपासणी व्हावी लागते. मासा विकणाऱ्याचा एक हंगाम बुडाला, तर तो पुढे भरून काढता येतो. मासा खाणाऱ्या बालकाचे आरोग्य बिघडले, तर ते भरून काढणे कठीण असते.

एकदा पाहून भागत नाही

पाण्याची तपासणी हा एका दिवसाचा सोहळा नव्हे. दुपारी घेतलेला नमुना पाण्याचा सर्वांत अनुकूल चेहरा दाखवितो. म्हणून प्राणवायू पहाटेही मोजावा लागतो. उन्हाळ्यात पाणी आटते तेव्हा, पहिल्या पावसात रस्त्यांवरची घाण तलावात वाहून येते तेव्हा आणि मूर्तींच्या विसर्जनानंतर पुन्हा तपासणी करावी लागते. ठाण्यात विसर्जनासाठी कृत्रिम तलाव तयार करतात, त्याचे कारण हेच. नमुना घेताना बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळावी, काठावरचे पाणी न घेता थोडे आतले आणि पृष्ठभागाखालचे घ्यावे, आणि स्थळ, दिवस, वेळ व उष्णतामान यांची नोंद वहीत करावी. नोंद नसलेला नमुना साक्षीदार नसलेल्या व्यवहारासारखा असतो.

महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले आणि १९७४ साली जलप्रदूषणास आळा घालणारा कायदा देशात झाला. मत्स्यविषयक उच्च शिक्षण देणारी केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून मुंबईत कार्य करीत आहे. कायदा आहे, शास्त्र आहे, साधनेही आहेत. तरीही मासुंद्याच्या काठावरून प्लॅस्टिकची पिशवी पाण्यात भिरकावणारा हात प्रत्येक वेळी कायद्याला अडविता येत नाही. तो त्या हाताच्या धन्यानेच आवरावयाचा असतो.

तलावातील मासे काठावरच्या लोकांशी बोलत नाहीत. पहाटे पृष्ठभागाशी येऊन ते तोंडाची उघडझाप करतात, तेवढेच त्यांचे बोलणे. त्या वेळी काठावर असणाऱ्याला त्याचा अर्थ कळला, तर ताजे पाणी सोडून किंवा पाणी उसळवून त्यांचे प्राण अजून वाचविता येतात.

शब्दार्थ

विपरीत – उलटे, अनिष्ट. साका – द्रवात तळाशी बसणारा पदार्थ. सामू – पाण्याची आम्लता किंवा अल्कता दाखविणारे माप. उदासीन – आम्ल नाही व अल्कही नाही असे. मचूळ – किंचित खारट. बोटुकली – बोटाएवढी माशांची पिले. दंडक – ठरविलेला नियम.

स्वाध्याय

१. तळ्यातील मासे बहुधा पहाटेच का मरतात?
२. ‘नळाचे पाणी माणसाला योग्य, पण माशाला घातक’ असे का म्हटले आहे?
३. कूपनलिकेचे नितळ पाणी तळ्यात एकदम का सोडू नये?
४. हाप्यातील परीक्षेने कोणता दोष कळत नाही? मिनामाताच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
५. कारणे द्या : (अ) बदलापूरचा नमुना कल्याणला उपयोगी पडत नाही. (आ) गर्द हिरवे पाणी मत्स्यपालकाला चिंतेचे वाटते.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : आकाश कोसळणे, ग्वाही देणे, चणचण भासणे.

उपक्रम : शिक्षकांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या सोबतीने जवळच्या तलावास महिन्यातून एकदा भेट द्या. पाण्याचा रंग, वास, पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तू आणि माशांची हालचाल यांची वहीत नोंद करा. वर्षअखेर त्या नोंदी वर्गात वाचून दाखवा.